गावात चेटकीण सापडत नसेल तर

चौकशीची नोटीस दारात आली की बडा पुढारी छाती पिटून ओरडतो, ‘हा विच हंट आहे!’ म्हणजे चेटकिणींची शिकार. असल्या हौशी बळींनी एका जुन्या धंद्याचं नाव खराब केलंय. या धंद्यात आधी माणूस ठरवतात, गुन्हा मागाहून सापडतो. आणि माणूस निवडताना पुढाऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही. शिकायचं असेल तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला चला, साल १६९२.

सुरुवात गावाला आधीच नकोशा झालेल्या बायकांपासून करा. पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातल्या दोन लहान मुलींना झटके येऊ लागले. डॉक्टरला निदान जमेना, तेव्हा त्याने सैतानाचं नाव घेतलं. पकडलं कोणाला? दारोदार मागून खाणारी सारा गुड, चर्चला न फिरकणारी आजारी सारा ऑसबर्न आणि पाद्र्याच्याच घरची गुलाम टिटुबा. सारा गुडची चारेक वर्षांची लेकही कोठडीत गेली. वय बघून सूट देऊ नये.

पुराव्याची चिंता नको. ‘हिची छाया रात्री येऊन मला चिमटे काढते,’ एवढी साक्ष पुरते. ती तर घरात झोपली होती, असं नवरा म्हणाला तर म्हणू द्या. देह झोपला होता, छाया बाहेर होती!

ज्युरी चुकली तर तिला पुन्हा बसवा. एकाहत्तर वर्षांची रिबेका नर्स आधी निर्दोष ठरली होती. मुली किंचाळल्या, न्यायाधीशांनी फेरविचार सुचवला. म्हातारीला तिच्याच एका वाक्याचा खुलासा विचारला, तो तिला ऐकूच आला नाही. गप्प राहिली, म्हणजे दोषी. सेलमचाच माजी पाद्री जॉर्ज बरोज, त्याने तर फासाखाली उभं राहून प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हटली. चेटक्याला ती जमत नाही, असा सर्वांचा पक्का समज. गर्दी चुळबुळली. त्यावर घोड्यावरून पाद्री कॉटन मॅदरने समजावलं की सैतान देवदूताचंही रूप घेतो. असा एक विद्वान जवळ ठेवाच.

कबुली देऊन तिच्यावर ठाम राहणाऱ्यांना मात्र जपा. पुढची नावं तेच पुरवतात. फाशी गुन्हा नाकारणाऱ्यांसाठी. सेलममध्ये ती १९ जणांना झाली. (जाळणं युरोपातलं.) जाइल्स कोरीने खटल्याला उत्तरच दिलं नाही, म्हणून त्या म्हाताऱ्याच्या अंगावर दगड रचत नेले, जीव जाईपर्यंत.

यादी फार वर चढू देऊ नका. बोटं गव्हर्नर फिप्सच्या बायकोकडे वळली आणि ऑक्टोबरात त्याने या खटल्यांसाठी नेमलेलं खास कोर्टच गुंडाळलं.

राहिला हिशेब. कोठडीतल्या जेवणाचे नि बेड्यांचे पैसे कैद्याकडूनच घ्या, निर्दोष सुटला तरी. टिटुबाने पहिल्याच चौकशीत कबुली दिली, म्हणून जगली. पण तिचं बिल भरायला पॅरिस तयार होईना. वर्षभराहून अधिक ती आतच राहिली. शेवटी कोणीतरी पैसे भरले आणि तिला विकत घेऊन गेला.