आपला नंबर सांगा

आपल्या बोलण्यातले निम्मे शब्द समोरच्याच्या कानांपर्यंत पोहोचले नाहीत, तरी सहसा कोणाचे काही अडत नाही. लग्नाच्या मांडवात बँडच्या गदारोळात कोणी नुसते ओठ हलवले, तरी आपण ‘हो, हो’ म्हणून मोकळे होतो आणि ते उत्तर बहुधा बरोबरच ठरते, कारण तिथे ‘जेवलात का’ आणि ‘जेवून जा’ यांखेरीज कोणी काही म्हणत नसते. ऐकणे हा निम्म्याहून अधिक अदमासाचा मामला आहे. हा अदमास जिथे साफ तोंडघशी पडतो, ती जागा म्हणजे मोबाइल नंबर. साताच्या पुढे तीनच का यावा, याला नंबरात काहीही कारण नसते. त्यामुळे तो ऐकायचा म्हणजे खरोखरच ऐकावा लागतो, आणि ती सवय फारशी कोणाला राहिलेली नाही.

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, दवाखान्यात नेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी आजार नव्हे, तर नंबर विचारला. नाना निवृत्त हेडमास्तर असल्यामुळे त्यांनी तो शुद्धलेखन घालावे तसा, जोडीजोडीने आणि खणखणीत आवाजात सांगायला घेतला. दुसरीच जोडी ‘एकोणसाठ’ निघाली. मुलीचे बोट ‘सहा’वर जाऊन थबकले.

“आजोबा, एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाइन ना?”

“साठाला एक कमी, बाळ.”

“हां, मग इंग्लिशमध्येच सांगा ना.”

या प्रसंगात मी मनातून त्या मुलीच्या बाजूचा होतो. मराठी आकडा तोंडाने सांगायला रुबाबदार असला, तरी टिपून घेणाऱ्याचा तो अंत पाहतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन आधी लागतात. ‘एकोण’ तर कशातून हे कळण्याआधीच एक वजा करून ठेवायला सांगतो, आणि एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत कान तयार झाला म्हणावे, तोच ‘नव्व्याण्णव’ येऊन सगळी शिस्त मोडते. कन्नड किंवा तेलुगू माणूस दहांचा हिशेब आधी सांगतो, सुटे नंतर. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या, आणि विधानसभेत अजित पवार, मुख्यमंत्र्यांना आता ‘फडण दोन शून्य’ म्हणायचे का, असे विचारत होते. त्या वादात संस्कृतीपासून व्यंगचित्रापर्यंत सर्व आले. पलीकडे पेन घेऊन बसलेल्या माणसाचा विचार मात्र फारसा कोणाच्या मनात आला नाही.

फोनवर तर याहून कठीण. साध्या टेलिफोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, आणि ‘स’चा सगळा जोर त्याच्याही वर असतो. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांच्यात फरक काय तो त्या ‘स’चाच, आणि नेमका तोच वाटेत गळतो. विमानवाल्यांनी असल्या घोटाळ्यांना कंटाळून नऊला ‘नाइनर’ म्हणायचे ठरवून टाकले. आपल्याकडचा उपाय म्हणजे तोच आकडा तसाच, अधिक मोठ्याने, किंचित अपमान झाल्यासारखा पुन्हा सांगणे.

नाना इंग्रजीत आले खरे, पण ‘डबल सेव्हन’ म्हणाले. मुलीने दोन आणि सात टाकले. शेवटी सगळे आकडे बसले, तेव्हा तिने खात्रीसाठी नंबर वाचून दाखवला. सांगताना नानांनी जोड्या केल्या होत्या. तिने वाचताना तीन, तीन आणि चार असे तुकडे पाडले. नाना एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, “हा माझा नाही.” स्वतःचाच नंबर दुसऱ्या चालीत ऐकला की परका वाटतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. मी मध्ये पडून तो त्यांचाच असल्याची ग्वाही दिली, तर दोघांनीही माझ्याकडे, यांना कोणी विचारले, अशा नजरेने पाहिले.

मागे रांग वाढत होती. मुलीने मग तिच्या पिढीचा रामबाण उपाय काढला. “आजोबा, राहू दे. तुम्ही इथल्या नंबरवर एक मिस कॉल द्या, म्हणजे तुमचा आपोआप येईल.”

नानांनी चष्मा लावला, खिशातून डायरी काढली, पेनाचे टोपण उघडले आणि म्हणाले, “सांग.”

“नाइन, ट्रिपल एट...”

“सावकाश, बाळ. मराठीत सांग.”