बॅक बटण, स्क्रीन रीडर आणि एचटीएमएक्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. एचटीएमएक्स (पानाचा फक्त एक भाग बदलू देणारी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी) यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एचटीएमएक्स म्हणजे जुनंच एजॅक्स (पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून माहिती आणण्याची पद्धत), त्यात बॅक बटण बिघडतं, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वापरकर्त्याला बदल कळत नाही आणि नेटवर्क गेलं की पान मुकाट बसतं. त्यापेक्षा अख्खं पान पुन्हा लोड झालेलं बरं.

जुनं आहे, यात वादच नाही. यामागचं तंत्र, एक्सएमएलएचटीटीपी, मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ सोबत आणलं. एजॅक्स हे नाव जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये दिलं, तेव्हा जीमेल हेच करत होतं. पण पुढे सर्व्हरनं जेसन (नुसत्या माहितीचा मजकूर) पाठवायचा आणि ब्राउझरनं त्यातून पान रचायचं, अशी रीत पडली. साध्या तक्त्यासाठीही फोनवर जावास्क्रिप्टचा ढीग उतरू लागला. २०२० मध्ये आलेल्या एचटीएमएक्समध्ये सर्व्हर एचटीएमएलचा तयार तुकडा पाठवतो आणि तो पानात ठरल्या जागी बसतो. माझ्या दृष्टीनं फरक इथे आहे, आणि तो मोठा आहे.

आता बॅक बटण. माझ्या लेखातलं नागपूरच्या कळमना बाजाराच्या संत्रा भावाचं पान घ्या. ‘मृग बहार’ या हंगामाच्या नावावर टिचकी मारली की फक्त तक्ता बदलतो, आणि एचटीएमएक्सची ‘एचएक्स-पुश-यूआरएल’ ही खूण लावली असेल तर पत्ताही बदलतो. तुम्हाला बॅक दाबल्यावर शीर्षक नाही, मेनू नाही, नुसता तक्ता दिसला. याचं कारण बहुतेक कॅशे, म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेली प्रत. एकाच पत्त्यावर सर्व्हर दोन उत्तरं देतो: विनंतीत ‘एचएक्स-रिक्वेस्ट’ हेडर (सोबत जाणारी माहितीची ओळ) असेल तर तुकडा, नसेल तर पूर्ण पान. हे ब्राउझरला सांगितलं नाही, तर तो साठवलेला तुकडाच पूर्ण पान म्हणून दाखवतो. उत्तरासोबत ‘व्हॅरी: एचएक्स-रिक्वेस्ट’ पाठवा. एका ओळीचं काम आहे, पण हमखास राहून जातं. तुमच्या पानाचं हेडर आधी तेवढं तपासा.

स्क्रीन रीडरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो मांडलात, फार बरं केलंत. तक्त्याच्या वर ‘एरिया-लाइव्ह’ या, बदल स्क्रीन रीडरला कळवणाऱ्या खुणेला ‘पोलाइट’ (चालू वाचन न तोडता) हे मूल्य दिलेली छोटी जागा सुरुवातीपासूनच ठेवायची आणि बदल झाला की तिथे एवढंच लिहायचं: ‘मृग बहाराचे भाव दाखवले आहेत’. अख्ख्या तक्त्यालाच ते लावलं तर एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर सगळे आकडे धडाधड वाचत सुटतो. आणि ज्या बटणावर फोकस (कीबोर्डची सध्याची जागा) आहे, ते बदलणाऱ्या भागात ठेवू नका.

नेटवर्कच्या बाबतीत तुमची तक्रार रास्त आहे. सर्व्हरकडून ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) असा त्रुटीचा संकेत आला, तर एचटीएमएक्सची दुसरी आवृत्ती मुळात काहीच बदलत नाही. काटोलच्या बागेत उभ्या शेतकऱ्याला वाटेल, बटणच चालत नाही. म्हणून ‘सेंड-एरर’ (विनंतीच पोचली नाही) आणि ‘रिस्पॉन्स-एरर’ (सर्व्हरनं त्रुटी कळवली) या दोन्ही घटना पकडून ‘भाव मिळाले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा’ असं ठळक दाखवायलाच हवं. शिवाय ‘मृग बहार’ ही खरी लिंक असावी, खऱ्या पत्त्यासह. मग स्क्रिप्ट उतरलीच नाही तरी तुम्हाला हवं तसं अख्खं पान लोड होतं.

बातमी किंवा नोटिशीच्या पानावर मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे साधी लिंक पुरते.