‘अर्धा दिवस तर उघडं असायचं ना?’

ऑगस्ट २०२१. लोकलची बातमी आली. कोरोनामुळे एप्रिलपासून सामान्यांना बंद असलेल्या मुंबईच्या लोकलमधून १५ ऑगस्टपासून लशीचे दोन डोस झालेल्यांना प्रवास करता येणार, आणि दुकानंही आता चारऐवजी रात्रीपर्यंत उघडी. त्याबरोबर आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या जावेचा मेसेज आला, "चला, संपलं एकदाचं! तसा आपल्याला फारसा त्रास नाही झाला म्हणा. ताई, तुमचं दुकानही अर्धा दिवस तर उघडं असायचं ना?" खाली तीन हसरे चेहरे आणि एक नमस्कार.

नमस्कार कशाला तेही कळलं नाही.

तिला तिथे काही लिहिलं नाही, सासरे वाचतात. म्हणून इथे लिहितेय. हे वाक्य मी जूनपासून इतक्या तोंडांनी ऐकलंय की आता पुढचा जो कोणी बोलेल त्याला मी गल्ल्यावर बसवणार आहे. सकाळी सात ते दुपारी चार बस बाबा, आणि मग सांग किती गिऱ्हाईकं आली.

आमचं डोंबिवलीत मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, परकर, अस्तर, फॉल, लेस, हुक. जागा भाड्याची. आता मॅचिंग सेंटरला बाई कधी येते? सकाळी साडेआठला, डबा भरायचा सोडून, ‘मोरपिशी दाखवा हो, जरा निळ्याकडे झुकणारा’ म्हणत? ती येते संध्याकाळी साडेसहा-सातला. लोकलमधून उतरते, भाजी घेते, आणि घरी जाता जाता पिशवीतून साडी काढते. दिव्याखाली रंग वेगळा दिसतो असं म्हणत वीस ठाण काढायला लावते, आणि शेवटी पहिलाच घेते. त्या दोन-अडीच तासांवर आमचं घर चालतं. सरकारच्या कागदावर चार वाजता व्यवहार बंद व्हायचे, आमचे चारनंतर सुरू व्हायचे. शनिवार-रविवारी, जेव्हा नोकरीवाल्या बायकांना खरी सवड असते, तेव्हा तर पूर्णच बंद. मग हा ‘अर्धा दिवस’ कुठला अर्धा होता? गिऱ्हाईक नसलेला अर्धा. पंखा आणि दिवे चालू ठेवून वीजबिल वाढवायचा अर्धा.

आणि जूनच्या आधीचं तर कोणाला आठवतही नाही. एप्रिलच्या ४ तारखेला सांगितलं, शनिवार-रविवार लॉकडाऊन, बाकी दिवस निर्बंध. आम्ही म्हटलं ठीक, दोन दिवस सोसू. आदेश हातात आला तर काय, अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं आठवडाभर बंद! राज्यभर व्यापारी ओरडले, ठिकठिकाणी रस्त्यावर आले, ते उगाच नाही. मग १४ तारखेपासून संचारबंदी. शटर वर गेलं ते थेट जूनमध्ये, तेही आधी दुपारी दोनपर्यंत. मधल्या काळात काय काय गेलं बघा. १३ एप्रिलचा पाडवा गेला, १४ मेची अक्षय्य तृतीया गेली, लग्नसराई गेली. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, नाहीतर ५० हजार दंड. पंचवीस माणसांच्या लग्नात किती करवल्या आणि किती मावश्या? आहेराच्या साड्या नाहीत तर ब्लाउजपीस कोण घेणार? आणि गेल्या वर्षीचा पाडवा आठवतो का, २५ मार्च २०२०? देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. म्हणजे लागोपाठ दोन पाडवे आम्ही गुढी उभारली ती कुलूपबंद दुकानाची किल्ली खिशात घेऊन.

मुद्दाम सांगते, निर्बंध नकोच होते असं मी म्हणत नाही. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण सापडले होते. आमच्या गल्लीतून रात्री-अपरात्री रुग्णवाहिका जायच्या ते आम्ही ऐकलंय. ऑक्सिजनसाठी नवऱ्याने मित्राच्या भावाकरता किती फोन केले ते मी पाहिलंय. बंद करायचं तर करा. पण बंदची किंमत कोणी भरायची हे ठरवताना आमच्याकडे बोट दाखवलं आणि बाकीचे सगळे घरात बसून टाळ्या वाजवायला मोकळे, हे मला पटत नाही.

आमचंच घर घ्या. एका आडनावाची तीन घरं. धाकटे भाऊजी पुण्यात आयटीत, दोघंही घरून काम. पगार पहिल्या तारखेला, वर जाण्यायेण्याचा खर्च वाचला तो वेगळाच. त्यांचा लॉकडाऊन म्हणजे बाल्कनीतल्या शेवंतीचे फोटो, दर रविवारी नवीन पदार्थ, आणि ‘किती वर्षांनी सगळे एकत्र जेवतोय’. खरंच जेवत असतील, छानच आहे. माझी नणंद सांगलीकडे सरकारी दवाखान्यात नर्स. तिला ना घरून काम, ना अर्धा दिवस. मुलगा सहा वर्षांचा, आजीकडे ठेवलेला, आणि ती त्याला अंगणाच्या फाटकातून बघून परत जायची. ती ग्रुपवर काही लिहीतच नाही. आणि तिसरे आम्ही. आमच्यावर नियम सगळ्यात जास्त बदलले. सातच्या बातम्यांना टीव्हीसमोर बसायचं, उद्या दुकान उघडायचं की नाही ते कळायला. निर्बंधांचा पहिला स्तर, दुसरा स्तर, तिसरा स्तर, पॉझिटिव्हिटी रेट इतका, ऑक्सिजन खाटा इतक्या भरलेल्या. जूनच्या सुरुवातीला एका मंत्र्याने सांगून टाकलं की १८ जिल्ह्यांत उद्यापासून सगळं उघडतंय, आणि थोड्याच वेळात खुलासा, की अजून विचाराधीन आहे! दरम्यान आम्ही दुकान झाडून पुसून तयार. महिनाअखेर विषाणूचा नवा प्रकार डेल्टा प्लस आला आणि सगळे पुन्हा किमान तिसऱ्या स्तरावर, म्हणजे चारला शटर खाली.

आता खरी गोम सांगते, जी जावेला कळत नाही आणि भाऊजींनाही नाही, ते एवढे शिकलेले असून. गेल्या वर्षी सगळं बंद होतं तेव्हा निदान बंद आहे हे सगळ्यांना मान्य तरी होतं. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. व्याज चढलं, पण श्वास घ्यायला मिळाला. जागेच्या मालकानेही दोन महिने निम्मं भाडं घेतलं, स्वतःहून. यंदा? यंदा तशी सरसकट सवलत नाही. आणि मालक म्हणतो, "वहिनी, दुकान तर चालू आहे ना?" भाडं पूर्ण. वीजबिल पूर्ण. शाळेची फी पूर्ण, शाळा बंद असून. पतपेढीचा हप्ता पूर्ण. घाऊक व्यापाऱ्याची उधारी पूर्ण, कारण लग्नसराईचा माल फेब्रुवारीतच भरला होता. एकच गोष्ट अर्धी, ती म्हणजे कमाई. आणि ती तरी अर्धी कसली! म्हणजे निर्बंध अंशतः आहेत म्हटल्यावर सहानुभूती पूर्ण बंद. नातेवाईक विचारेनासे होतात, कारण त्यांच्या लेखी तुमचं चालू झालेलं असतं.

सरकारने एप्रिलमध्ये ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. परवानाधारक रिक्षावाल्यांना १,५०० रुपये, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना, घरकामगारांना, बांधकाम कामगारांना. मिळायलाच हवे होते, खरं तर ते पैसे फार कमी होते. पण छोटा दुकानदार त्या यादीत कुठेच नाही. आम्ही म्हणे व्यापारी! सोन्याची पेढीवाला व्यापारी आणि चार रुपयांचे हुक विकणारी मीही व्यापारी. आमच्यासाठी फॉल-पिको करणाऱ्या तिघी बायका आहेत, घरी मशीन टाकून बसतात. त्यांची कुठेच नोंदणी नाही, त्यांना तर कोणी मोजलंच नाही.

आणि हो, ऑनलाइनवाल्यांचं काय? जूनपासून त्यांना सगळं पोचवायची मुभा. चार वाजता पथकाची गाडी भोंगा वाजवत यायची, शटर अर्धं दिसलं तरी दंडाची पावती. आणि रात्री नऊला समोरच्या बिल्डिंगमध्ये डिलिव्हरीवाला खोकं घेऊन जिना चढतोय, खोक्यात काय तर रेडिमेड ब्लाउज! विषाणूला काय, दुकानातला ब्लाउज चावतो आणि खोक्यातला चालतो? त्या पोरावर राग नाही माझा, पावसात भिजत जिने चढतोय बिचारा. पण मला कोणी तरी समजावून सांगा. देवळाला कुलूप आणि दारू घरपोच, हे तर सगळे बोलून थकले. मी नव्याने बोलत नाही.

आता या लोकलच्या बातमीकडे येते, जिच्यामुळे म्हणे ‘संपलं एकदाचं’.

आमच्या दुकानात एक मुलगी आहे, चोवीस वर्षांची, टिटवाळ्याहून येते. एप्रिलमध्ये सामान्यांसाठी लोकल बंद झाली तेव्हापासून ती गाडीत चढू शकत नाही. दुकान उघडल्यापासून टिटवाळा ते कल्याण रिक्षा, कल्याणहून डोंबिवली दुसरी रिक्षा. रिक्षात दोनच प्रवासी, म्हणून भाडं चढलेलं. पगार मी तिला पूर्ण देऊ शकले नाही, आणि दिला त्यातला मोठा वाटा रिक्षात गेला. तिच्या ओळखीतले दोघे-तिघे कुठल्याशा दवाखान्याचं खोटं ओळखपत्र करून फिरत होते. तिला भीती वाटते. पकडलं तर दंड भरायला पैसे कुठून आणणार?

आता दोन डोसवाल्यांना लोकल. तिचा पहिला डोस कधी झाला? जुलैच्या मध्यावर. मेमध्ये १८ ते ४४ चं लसीकरण सुरू झालं आणि दोनच आठवड्यांत लस नाही म्हणून राज्याने थांबवलं. नंतर ॲपवर स्लॉट धरायचा तर तिच्या फोनवर ओटीपी येईपर्यंत स्लॉट गायब. शेवटी टोकन घेऊन पहाटेपासून रांग लावून मिळाला. कोविशिल्डचा दुसरा डोस ८४ दिवसांनी. त्याच्यापुढे लोकलच्या नियमाने आणखी १४ दिवस. म्हणजे तोवर दसराही उलटून जाणार. नवरात्रात, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या नऊ दिवसांत, ती रिक्षातच. जावेच्या सोसायटीत जूनमध्ये क्लबहाऊसमध्ये खासगी हॉस्पिटलचा कॅम्प झाला, ७८० रुपये दिले, खुर्चीवर बसून डोस, बाहेर फोटो काढायला चौकट. आणि तिला लोकल लागतच नाही! ती पुण्यात घरी बसून काम करते! ज्याला रोज गाडीत चढल्याशिवाय पोट भरता येत नाही त्याचा डोस सगळ्यात शेवटी, आणि गाडीत चढायला डोस पाहिजे. हा नियम ज्याने लिहिला त्याने टिटवाळ्याची पोरगी डोळ्यांसमोर आणली होती का? आणि दोन डोस असले तरी फक्त मासिक पास. एका दिवसाचं तिकीट मागितलं तर नाही. नवरा पंचेचाळिशीच्या वरचा, त्याचे दोन्ही झालेत. त्याला महिन्यातून दोनदा माल आणायला मुंबईत मंगळदास मार्केटला जायचं असतं. दोनदा जायला महिन्याचा पास काढा.

शाळेचं काय बोलू? मोठी आठवीत, धाकटा पाचवीत, आणि फोन दोन. त्यातला एक दुकानाचा. गिऱ्हाईक त्याच्यावर साडीचा फोटो पाठवतं, मी रंग जुळवून उत्तर देते. गणिताचा तास चालू असताना मध्येच ‘परकर एक्सएल आहे का’ येतं, धाकटा सगळ्या वर्गासमोर हसू होतं म्हणून रडतो. १७ ऑगस्टपासून शाळा सुरू असा आदेश निघाला, आणि लगेच थांबलाही. पुण्यातल्या पुतण्यांना स्वतंत्र टॅब, स्वतंत्र खोली, आणि वर जाऊ मला विचारते, "ताई, मुलांचा स्क्रीन टाइम कसा हो कमी करता?"

मघाशी मालकाचा फोन येऊन गेला. गणपतीआधी मागची बाकी मिटवा म्हणतोय, आता तर रात्रीपर्यंत दुकान उघडं आहे. तेवढ्यात ग्रुपवर पुन्हा जाऊबाई. गणपती यंदा आमच्याकडेच ना, सगळे येतो, आता काय, सगळं उघडलंय. सोबत साडीचा फोटो. गौरीसाठी घेतली, ऑनलाइन. ब्लाउज शिवून, फॉल-पिको होऊनच आली म्हणे.