तीन टिंबांसाठी एवढा मनस्ताप

वेबपॅक 5, म्हणजे संकेतस्थळाच्या कोडच्या फाइली एकत्र बांधणारे साधन, त्यात प्रॉडक्शन मोड (प्रत्यक्ष वापरासाठीची मांडणी) असला की जावास्क्रिप्ट लहान करण्याचे काम टर्सर (कोडमधल्या टिप्पण्या, मोकळ्या जागा काढून टाकणारा जोडभाग) आपणहून करतो, हे मान्य. परंतु पानाची सजावट ठरवणारी सीएसएसही लहान व्हावी म्हणून मिनिमायझरच्या, म्हणजे फाइली लहान करणाऱ्या जोडभागांच्या, यादीत एक प्लगइन (असाच जोडभाग) लिहावे, तर तो मूळचा टर्सर यादीतून मुकाट्याने बाहेर पडतो आणि बिल्ड (फाइली तयार करण्याची प्रक्रिया) मात्र यशस्वी झाल्याचेच सांगत राहते. एररचा पत्ता नाही. फार तर फाइल मोठी झाल्याची ती नेहमीची कुरकुर, जिच्याकडे पाहणे आम्ही केव्हाच सोडले आहे. उपाय काय, तर त्याच यादीत अवतरणचिन्हांत तीन टिंबे लिहायची! हे दर नव्या प्रकल्पात मी विसरतो आणि ब्राउझरमध्ये कोडमधल्या स्वतःच्या टिप्पण्या जशाच्या तशा दिसल्यावरच मला आठवते.