‘सर्व्हायव्हल नाईफ’वाला तो मेसेज: एकेक मुद्दा घेऊन बोलू

पावसाळा जवळ आला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, तुमच्याकडेही आला असेलच. त्याचं सार असं: जंगलात जाणाऱ्याकडे फिक्स्ड ब्लेड (न मिटणारा) चाकू हवाच, पातं कमीत कमी ७ इंच लांब आणि ५-६ मिलिमीटर जाड, फुल टँग (पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं) नसेल तर घेऊच नका, स्टील कार्बनच घ्या कारण स्टेनलेसची धार टिकत नाही आणि त्याने आगही पेटवता येत नाही, पाठीवर करवतीचे दात असले तर उत्तम, ९ इंचाच्या आत असला की कायद्याचं टेन्शन नाही, आणि साप चावला तर याच चाकूने चिरा देऊन विष काढता येतं, बिबट्या आला तर स्वसंरक्षण होतं. नवीन पोरं हे वाचून ऑनलाईन भलंमोठं लोखंड मागवतात आणि कमरेला लावून गडावर येतात. चाकू असू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. फिक्स्ड ब्लेड फोल्डिंगपेक्षा धुवायला सोपा, त्यात चिखल अडकत नाही आणि तो बोटांवर मिटत नाही. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे.

क्रम सोडून सापाचं आधी घेतो, कारण बाकी चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणूस जाईल. साप चावलेल्या जागी चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, वर दोरी आवळून बांधायची नाही. आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातल्या घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायची क्रियाच बिघडते, म्हणजे तुम्ही दिलेला चिरा वाहतच राहणार, आणि नाग-मण्यारचं विष नसांवर काम करून श्वास बंद पाडतं, तिथे चिऱ्याने काही बाहेर येत नाही, फक्त वेळ जातो आणि जंतू आत जातात. करायचं ते एवढंच: अंगठी, घड्याळ, घट्ट बूट काढायचे, चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा काठी लावून हलणार नाही असा ठेवायचा, माणसाला चालू न देता उचलून खाली आणायचं, १०८ ला फोन लावायचा आणि जिथे प्रतिविष मिळतं अशा दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर एकत्रच असतं, त्यामुळे साप पकडत किंवा मारत बसू नका. चाकूचं काम इथे आहेच, पण ते ओढणी किंवा टीशर्ट फाडून पट्ट्या करायला, कातडीवर नाही.

बिबट्याचं दोन ओळीत. तो माणसाला टाळतो, आणि समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, अंग मोठं दाखवत आवाज करत हळूहळू मागे सरकायचं. चाकूने लढायची वेळ येईपर्यंत सगळं हातातून गेलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर गडावर बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाची भीती जास्त, तिथे तर कुठलंच पातं उपयोगाचं नाही.

आता लांबी-जाडीचं. चाकू निवडताना पहिला प्रश्न एकच, त्याने कापणार काय? सह्याद्रीत कापायचं असतं ते म्हणजे कांदा, काकडी, दोरी, चिकटपट्टी, सॅकचा तुटका पट्टा, मॅगीचं पाकीट, फार तर सुकी काडी सोलून चूल पेटवायला भुसा. ६ मिलिमीटर जाडीचं पातं काकडी कापत नाही, पाचरीसारखं घुसून तिचे दोन भाग फोडतं, दोरीवर पण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की घसरायचा धोका आला. एवढं जाड पातं मुळात लाकडाचा ओंडका फोडायला असतं, वरून दांडक्याने ठोकत ठोकत, कारण थंड प्रदेशातल्या जंगलात बाहेरचं लाकूड ओलं असलं तरी ओंडक्याच्या आतलं कोरडं मिळतं आणि त्या आगीवर रात्र काढायची असते. आपल्याकडे पायथ्याच्या गावात रात्री जेवण मिळतं, बऱ्याच ठिकाणी गडावरही मिळतं, आणि झाडं तोडणं तर करायचंच नाहीये. मग अर्धा किलोचं वजन चढवायचं कशाला? साडेतीन ते चार इंच पातं आणि अडीच-तीन मिलिमीटर जाडी, यापेक्षा जास्त लागत नाही. लांब पात्याचं टोक हातापासून लांब जातं, बारीक कामाला ते नीट आवरत नाही, हे कोणीही स्वयंपाकघरात करून बघावं.

फुल टँगने मजबुती वाढते हे खरंय, पण “नसेल तर घेऊच नका” हे कुठून आलं? फिनलंडचा पारंपरिक पुक्को चाकू बघा, त्याच्या मुठीत बारीक शेपटी असते, आणि तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकूड, मासे, शिकार सगळं त्यानेच करत आलेत. स्वीडनच्या ‘मोरा’ कंपनीचा ‘कंपॅनियन’ हा चाकू जगभर वापरतात, त्याचंही लोखंड मुठीच्या शेवटपर्यंत जात नाही, पातं साधारण १०.४ सेंटीमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, म्यानासकट वजन ११५ ग्रॅमच्या आसपास. उलट स्वस्तातल्या फुल टँगला पाणी नीट दिलेलं (म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेलं) नसेल तर तो ठोकताना तुटतोच.

कार्बन की स्टेनलेस, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे मेसेज आपल्या हवामानाचा विचारच करत नाही. कार्बन स्टील वाईट नाही, साध्या दगडावर पटकन धार येते, दणका सहन करतं. गावातला कोयता कार्बनचाच असतो, पण तो रोज हातात असतो, रोज पुसला जातो, आठवड्याला दगडावर घासला जातो, त्याला गंज धरायला फुरसतच मिळत नाही. तुमचा चाकू ट्रेक संपला की सॅकच्या कप्प्यात तीन आठवडे पडून असतो, तोही ओल्या म्यानात. जुलैत घाटात हवाच इतकी दमट असते की उघड्या कार्बन पात्यावर एका रात्रीत लाल ठिपके येतात, कोकणात समुद्राकाठी तर मीठही जोडीला. आणि चामड्याचं म्यान असेल तर ते पाणी धरून ठेवतं, त्यात चाकू ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. धार टिकणं हे स्टीलच्या नावापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय यावर जास्त अवलंबून असतं, सँडविक कंपनीचं १२सी२७ हे स्टेनलेस (साधारण ०.६ टक्के कार्बन, १३.५ टक्के क्रोमियम) चांगली धार घेतं आणि दोन दिवसाच्या ट्रेकला ती आरामात पुरते. स्टेनलेस पण गंजतं, फक्त उशिरा, त्यामुळे घरी आल्यावर पुसून वाळवून ठेवायचंच. कार्बनच आवडत असेल तर जरूर घ्या, पण मग खोबरेल तेलाचा हात फिरवायची सवय लावून घ्या.

आगीचं म्हणाल तर कार्बन स्टील लागतं ते चकमकीला, म्हणजे गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायला, कारण तिथे ठिणगी पोलादाची असते. आजकाल सगळे वापरतात तो फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या उडवणारी धातूची कांडी, त्यात ठिणगी रॉडची असते, चाकूच्या पाठीची कड काटकोनी आणि तीक्ष्ण असली की झालं, स्टेनलेसही चालतं. आणि लायटर झिप बॅगेत घालून ठेवला तर हा वादच उरत नाही.

पाठीवरचे करवतीचे दात धड करवतीचं काम करत नाहीत आणि पाठीवर अंगठा टेकू देत नाहीत, विषय संपला. पोकळ मुठीत होकायंत्र नि काड्या भरलेला प्रकार त्याहून वाईट, मुठीच्या तोंडाशीच तुटतो.

मेसेजमध्ये म्यान आणि मूठ याबद्दल एक शब्द नाही, आणि चाकू घेताना मी आधी तेच बघतो. पावसात आणि घामात हात ओला असतो, गुळगुळीत लाकडी मूठ फिरते, खरखरीत रबरी मूठ पकडता येते, बोट धारेवर घसरू नये म्हणून पुढे छोटा उंचवटा हवा. म्यान प्लॅस्टिकचं, खाली पाणी निघायला भोक असलेलं, आणि उलटं धरून जोरात हलवलं तरी चाकू बाहेर पडता कामा नये. रॉक पॅचवर (हातापायाने चढायच्या कातळावर) कमरेला चाकू नको, पडलात तर तो कुठे घुसेल सांगता येत नाही, सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

राहिला कायदा. ९ इंच हा आकडा हवेतून आलेला नाही, शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतीच्या वगैरे कामाचे सोडून. मेसेजवाल्याने रुंदी गाळली आणि पुढचं सगळंच गाळलं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरांत वरचेवर हत्यार बाळगायला बंदीचे आदेश निघतात, त्या काळात एसटी स्टँडवर कमरेला सुरा लावून फिरलात तर लांबी मोजत बसणार नाही कोणी. विमानात तो केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच टाकावा लागतो. आणि ट्रेकवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३१: लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जायचं नाही, आणि त्याच कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन लिहिलेला आहे, इंचाची सूट कुठेही नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू. आता आपले आवडते ट्रेक आठवा: कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भीमाशंकरचं जंगल अभयारण्य, वासोटा कोयना अभयारण्यात, तिथे तर बामणोलीला वनखात्याची परवानगी काढूनच बोटीत बसावं लागतं. अशा ठिकाणी जाताना वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारा, परवानगी नसेल तर चाकू घरी ठेवा, काकडी-कांदा घरूनच कापून डब्यात न्या आणि पट्ट्या कापायला प्रथमोपचाराच्या किटमधली बोथट टोकाची कात्री असू द्या.