‘स्प्रिंकलर म्हणजे एजन्सीवाल्यांचा धंदा’: त्या फॉरवर्डला उत्तर

एजीएमचा (वार्षिक सभेचा) मोसम आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पार्किंगमध्ये सगळं काँक्रीट, तिथे जळणार काय? छतावरचा, आगीत आपोआप पाणी फवारणारा एक स्प्रिंकलर फुटला की सगळे सुरू होतात आणि गाड्यांची वाट लागते. इलेक्ट्रिक गाडीवर पाणी पडलं तर भडका आणि वर शॉक. जिन्याचा फायर डोअर (आग-धूर अडवणारा दरवाजा) उघडा ठेवला तर धूर लवकर निघून जातो. आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली तेव्हा हे सगळं तपासून झालंय, आता पुन्हा खर्च म्हणजे एजन्सीवाल्यांचा धंदा. मी याच पाइप-पंपांच्या कामात आहे, त्यामुळे ‘धंदा’ हा आरोप मलाही लागतो. तो मान्य करून पुढे बोलतो.

काँक्रीट जळत नाही, हे खरंच. पण त्यावर उभ्या गाड्यांत पेट्रोल असतं, टायर, सीटचा फोम, प्लास्टिकचे बंपर असतात. शिवाय ‘जरा वेळ ठेवतो’ म्हणून ठेवलेल्या जुन्या गाद्या आणि कपाटं. ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे तीनच्या सुमारास गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतीत आग लागली ती तळाच्या पार्किंगमध्येच. तिथल्या गाड्या आणि कापडाच्या चिंध्या पेटल्या. किमान ७ जण गेले, ४० हून अधिक जखमी झाले.

‘सगळे एकदम सुरू होतात’ हे सिनेमात. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते, तिच्यात रंगीत द्रव. लाल कुपी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. जी तापते तीच फुटते. शेजारची थंड असेल तर तिथून थेंबही येत नाही. धुराने किंवा अगरबत्तीने कुपी फुटत नाही. पार्किंगमध्ये वापरतात त्या नेहमीच्या स्प्रिंकलरमधून एक बार दाबाला मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी पडतं. एका गाडीचं नुकसान होईल, मान्य. पण पेटलेल्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन उभ्या असतात, त्यांचा हिशेब मेसेजमध्ये नाही. लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाच्या बहुमजली कारपार्कमध्ये स्प्रिंकलर नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका गाडीपासून आग सुरू झाली आणि हजारावर गाड्या गेल्या. ती पहिली गाडी डिझेलची होती, इलेक्ट्रिक नव्हे.

इलेक्ट्रिक गाडीबद्दलची भीती मला समजते. शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर पेटतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि बॅटरीच्या नावात लिथियम आहे. पण लिथियम-आयन बॅटरी म्हणजे लिथियम धातूचा गोळा नव्हे. तिची आग थंड करायला अग्निशमन दल पाणीच वापरतं, भरपूर पाणी. हाय व्होल्टेजची सर्किट गाडीच्या बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते. स्प्रिंकलर बॅटरीच्या पेटीतली आग विझवेल असं मी म्हणणार नाही. ती शेजारी पोचू नये, एवढ्यासाठी तो आहे.

इथे दक्षिण कोरियातल्या इंचॉनची गोष्ट सांगायलाच हवी. १ ऑगस्ट २०२४ ला सकाळी एका अपार्टमेंटच्या भूमिगत पार्किंगमध्ये उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी पेटली. चार्जिंगलाही लावलेली नव्हती. स्प्रिंकलर होते. अलार्म वाजला आणि कंट्रोल रूममधल्या कर्मचाऱ्याने थांबवण्याचं बटण दाबलं. पाच मिनिटांनी त्याने ते सोडलं, पण तोवर आगीने केबल निकामी केली होती आणि पाणी आलंच नाही. आग आठेक तास चालली, शेकडो गाड्या जळाल्या किंवा काजळल्या. आपल्याकडे त्या बटणाची जागा पंपाचा स्विच घेतो. पाइपांतला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप गळतीमुळे सारखा चालू-बंद होतो, वॉचमनची झोप मोडते, म्हणून पॅनलवर तो ‘ऑफ’ करून ठेवतात. पंपरूममध्ये गेलात तर प्रेशर गेज आधी बघा. काटा शून्यावर असेल, तर छतावरचे लाल पाइप नुसती शोभा.

आणि तो दरवाजा. मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच. धूर गरम असतो, तो वर जातो, आणि जिना म्हणजे त्याला बांधून दिलेलं धुराडंच. पार्किंगकडचा दरवाजा उघडा असला की धूर बाहेर जात नाही, सातव्या मजल्यावर जातो, तेही झोपलेल्या माणसांकडे. तरी बघावं तिथे डोअर क्लोजरचा (दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचा) हात काढलेला आणि दाराला वीट किंवा डिस्टेंपरचा डबा. कारण विचारलं तर, ‘दार जड आहे, दूधवाल्याला त्रास होतो.’ क्लोजरचा स्क्रू फिरवून ते हलकं करता येतं, पण स्क्रू-ड्रायव्हर आणायचा कोणी? तशीच इलेक्ट्रिक डक्टमधली, म्हणजे मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या केबलच्या उभ्या मार्गातली भोकं. इंटरनेटवाला केबल ओढतो, स्लॅबला भोक पाडतो आणि निघून जातो. ती भोकं आग अडवणाऱ्या सीलंटने बुजवायची असतात. आपण वर्तमानपत्राचा बोळा कोंबतो.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याला देऊन टाकतो. चारी बाजूंनी मोकळ्या छोट्या स्टिल्टला (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगला) आणि दोन पातळ्यांच्या बेसमेंटला एकच माप नसतं. तुमच्या इमारतीला काय लागू आहे ते तिच्या फायर एनओसीच्या (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याच्या) अटींत लिहिलेलं असतं. ती न वाचता कोणी कोटेशन पुढे केलं तर संशय घ्या, अगदी माझ्यावरसुद्धा.

ओसीचा मुद्दा मात्र सरळ खोटा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर वर्षी दोनदा द्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैमध्ये. हा फॉर्म ऑफिसात बसून सही होण्याची सवय मात्र बऱ्याच ठिकाणी आहे. पुढच्या वेळी एजन्सीचा माणूस आला की त्याला चहा देण्याआधी पार्किंगमध्ये न्या, टेस्ट व्हॉल्व्ह (चाचणीसाठी पाणी सोडायचा) तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि पंप आपोआप सुरू होतो का ते कान देऊन ऐका.