सोवळ्यातली टेस्ट

साहेबांना टेस्ट दिसत नाहीत, टक्के दिसतात. एवढं ध्यानात ठेवलंत की युनिट टेस्टिंगचं, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे (फंक्शन) एकेकटे तपासणाऱ्या टेस्ट लिहिण्याचं, निम्मं शास्त्र तुमच्या खिशात आलं. कव्हरेज ९२ टक्के म्हणजे काय, तर टेस्ट चालू असताना कोडच्या शंभरातल्या ९२ ओळी एकदा तरी चालल्या. चालून उत्तर बरोबर आलं का, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. रिकामी एसटी डेपोतून निघाली आणि रिकामीच परत आली, तरी कागदावर फेरी लागते. तुम्हाला फेऱ्या लावायच्या आहेत, प्रवासी कुठं न्यायचेत?

तेव्हा प्रत्येक फंक्शन टेस्टमधून एकदा बोलवा आणि तिथंच थांबा. असर्ट, म्हणजे 'उत्तर अमुकच यायला हवं' ही अट, लिहू नका. फारच कोणी हटकलं तर 'उत्तर नल (रिकामं) नाही' एवढं तपासा. जे फंक्शन कायम काहीतरी परत देतं, त्याच्याबाबतीत हे कधीच खोटं पडत नाही. पायथन भाषेत लिहिणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. असर्टपुढं कंस उघडा, आत अट लिहा, स्वल्पविराम द्या, संदेश लिहा, कंस बंद करा. पायथनच्या लेखी तो दोन वस्तूंचा टपल (गठ्ठा) झाला आणि भरलेला टपल नेहमी खराच. अट 'दोन बरोबर पाच' अशी असली तरी टेस्ट पास. नव्या आवृत्त्या यावर कुरकुरतात, पण ती कुरकुर ऐकायला लॉग उघडावा लागतो, आणि लॉग कोण उघडतंय?

इफ-एल्सच्या चार ओळी असतील तर एकाच ओळीत कोंबा. लाइन कव्हरेज ओळ मोजतं. त्या ओळीतल्या दोन वाटांपैकी एकीवर कधी कोणी फिरकलंच नाही, हे त्याच्या गावी नसतं. ते बघणारं ब्रँच कव्हरेज बऱ्याच साधनांत मुद्दाम चालू करावं लागतं. आपण होऊन कशाला खाजवा.

आता खरी कला: अपेक्षित उत्तर आणायचं कुठून? आंतरराज्य विक्रीचं एक बिल घ्या. वस्तू ५० रुपयांची, आयजीएसटी ५ टक्के, कर २ रुपये ५० पैसे. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं की कराची रक्कम जवळच्या रुपयात करायची. पैसे ५० किंवा जास्त असले तर वरचा रुपया, कमी असले तर सोडून द्यायचे. म्हणजे ३ रुपये. किराणा दुकानातला पोरगाही तोंडी ३ सांगेल. पण पायथन ३ मधला राउंड (आकडा पूर्णांकात करणारं फंक्शन) २.५ चे २ करतो. संख्या बरोबर मध्यावर असली की तो तिला जवळच्या सम संख्येकडे ढकलतो. हजारो आकड्यांच्या बेरजेत चूक एकाच बाजूला साचू नये म्हणून ही पद्धत आहे आणि तिथं ती शहाणपणाची आहे. बिलावर नाही. गंमत म्हणजे पायथन २ मध्ये हाच राउंड ३ देत होता. जुना प्रोग्राम नव्या पायथनवर हलवला की एक अक्षर न बदलता कर बदलतो.

हे टेस्टमध्ये सापडू नये यासाठी दोन उपाय आहेत, दोन्ही खात्रीचे. पहिला, उत्तर कागदावर काढायचं नाही. कोडमध्ये जे सूत्र आहे तेच उचलून टेस्टमध्ये चिकटवायचं: रक्कम गुणिले ५ भागिले १००, आणि वर राउंड. दोन्हीकडे २ येतात. आरोपीच साक्षीदार झाला की खटला चुटकीसरशी निकाली निघतो. दुसरा, नमुन्याची रक्कम पारखून घ्यायची. १५० रुपयांवर कर साडेसात; पायथनचे ८, कायद्याचेही ८. ३५० वर साडेसतरा. इकडं १८, तिकडं १८. टेस्ट हिरवीगार, म्हणजे पास. २५० घेतलेत तर साडेबाराचे १२ होतील आणि कायदा १३ मागेल. तेव्हा ५० आणि २५० यांच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यात गुणी रक्कम १००. कर सरळ ५, राउंडला कामच नाही. टेस्टमधल्या बहुतेक वस्तू शंभर रुपयांच्याच का असतात, ते आता कळलं असेल.

हल्ली टेस्टही एआयकडून लिहून घेता येतात. ते तुमचा कोड वाचतं, कोड काय देतोय ते बघतं आणि तेच 'अपेक्षित' म्हणून उतरवून काढतं. कलम १७० तुम्ही त्याला दाखवलेलंच नसतं. घटकाभरात चाळीस टेस्ट, सगळ्या हिरव्या, दोन रुपयांवर शिक्कामोर्तब.

मॉकमध्ये, म्हणजे खऱ्या भागाच्या जागी बसवायच्या डमीत, हात आखडता घेऊ नका. डेटाबेस मॉक करा, पेमेंट गेटवे मॉक करा, आणि उत्साह टिकला तर जे तपासायचं तेही मॉक करा. मॉक हा हाडाचा होयबा. डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव बदलून सहा महिने झाले तरी तो जुन्याच नावानं डेटा देत राहतो आणि टेस्ट पास होत राहते. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत तर बहार होती. 'असर्ट कॉल्ड वन्स विथ' या तपासणीच्या मेथडच्या नावातला 'असर्ट' गाळला, की मॉक निमूटपणे त्या नव्या नावाचं अ‍ॅट्रिब्यूट जागच्या जागी तयार करून देई. तपासलं काहीच नाही, फुटलंही काही नाही. पुढं ही पळवाट बुजवली. ऑटोस्पेक नावाची सोयही आहे, जिच्यामुळं मॉकला खऱ्या फंक्शनचं माप पाळावं लागतं आणि नसलेली मेथड बोलावली की तो तिथल्या तिथं ओरडतो. होयबाला पाठीचा कणा बसवणारी ही असली साधनं घरात आणू नयेत.

तारीख हवी असेल तर थेट सिस्टिमला 'आज काय' विचारा. सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर, ग्राहक नागपुरात. १ एप्रिलला रात्री बारा वाजता इथं नवं आर्थिक वर्ष लागतं, तेव्हा यूटीसीत ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. पहाटे साडेपाचपर्यंत निघालेलं प्रत्येक बिल गेल्या वर्षाच्या क्रमांकात जाऊन बसतं. घड्याळ बाहेरून पॅरामीटर म्हणून दिलं असतं, तर बाराला एक मिनिट कमी आणि बारावर एक मिनिट अशा दोन टेस्ट जुलैतल्या दुपारी चहा पितापिताही चालवता आल्या असत्या. पण मग वर्षातलं ते एक हक्काचं जागरण गेलं.

अधूनमधून लाल होणाऱ्या टेस्टना तीनदा रीट्राय लावा. तरी लाल झाली तर स्लीप (टेस्टमध्ये मुद्दाम घातलेला थांबा) दोनाचा पाच सेकंद करा. कारण शोधू नका.

एका माणसापासून मात्र जपा. तो तुमच्या टेस्ट वाचत बसत नाही, कोडच मोडतो. अधिकच्या जागी वजा, 'मोठं किंवा समान'च्या जागी नुसतं 'मोठं', असा एकेक बदल करतो, टेस्ट चालवतो आणि एखादी तरी लाल होते का ते बघतो. या उद्योगाला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. कल्पना १९७० च्या दशकातली, आणि जावामध्ये पिट नावाचं साधन हे आपोआप करून देतं. मोडलेला कोड हिरव्या टेस्टमधून सहीसलामत बाहेर आला की अहवालात 'जिवंत' अशी नोंद होते, आणि तुमच्या ९२ टक्क्यांची अब्रू चव्हाट्यावर येते. सुदैवानं प्रत्येक बदलाला टेस्ट पुन्हा चालवाव्या लागत असल्यानं हा प्रकार रेंगाळतो. 'स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) बसत नाही' म्हणा, सुटाल.

एवढं झालं की तुमच्या टेस्ट कोडमधल्या कुठल्याही चुकीला अडवणार नाहीत. अडवण्याची हौस आता माणसांवर फेडा.

नवखा कोणी टेस्ट घेऊन आला की आधी तिचं सोवळं तपासा. तिनं काय पकडलं हे राहू द्या, ती कशाकशाला शिवली ते बघा. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मायकल फेदर्स यांनी २००५ साली नियम मांडले: डेटाबेसशी बोलली, नेटवर्कवरून गेली, फाइल सिस्टिमला शिवली, तर ती युनिट टेस्ट नव्हे. हे पाठ करून पंगतीच्या दारात उभे राहा. त्यांनीच पुढं म्हटलंय की अशा टेस्ट वाईट नसतात, बऱ्याचदा त्या लिहाव्यातच, फक्त झटपट चालणाऱ्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे बदल केला की झटपटवाल्या लगेच चालवता येतात. तो भाग वाचायचा नसतो. स्तोत्र अर्धंच येत असलं तरी आवाज खणखणीत ठेवता येतो.

मग घराणं विचारा. लंडन घराणं फंक्शनच्या सगळ्या सोबत्यांना मॉक करून त्यांच्यातलं बोलणं तपासतं. डेट्रॉइट घराणं खरेच ऑब्जेक्ट वापरून शेवटी काय आलं ते बघतं. समोरचा काहीही म्हणाला तरी भुवई तेवढीच वर न्यायची. 'हा मॉक नाही, स्टब आहे' (स्टब म्हणजे फक्त ठरलेलं उत्तर देणारी डमी) हे वाक्य रिव्ह्यूमध्ये दर पीआरला, म्हणजे मंजुरीसाठी आलेल्या दर बदलाला, एकदा पडलं पाहिजे. टेस्टमधली रक्कम शंभर आहे याबद्दल अवाक्षर नको. आणि शेवटचा बाण: 'टेस्ट आधी लिहिलीस की नंतर?' गिट या कोडच्या नोंदवहीत एकाच कमिटमध्ये (नोंदीत) दोन्ही आल्यावर हे कोणालाही सिद्ध करता येत नाही, म्हणूनच हा प्रश्न चिरतरुण आहे.

केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात शेजारी बसून जेयुनिट या जावाच्या टेस्ट लिहिण्याच्या साधनाची सुरुवात केली. त्या बेक यांनीच पुढं स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर लिहिलं की मला पैसे चालणाऱ्या कोडचे मिळतात, टेस्टचे नाही, त्यामुळं पुरेसा भरवसा वाटेल इतक्याच टेस्ट मी लिहितो. हे कोणी तुमच्या तोंडावर फेकलं तर 'त्यांची गोष्ट वेगळी' म्हणा.

स्टॅक ओव्हरफ्लोची रचनाही अभ्यासण्यासारखी आहे. २००८ पासून चालू आहे. नवख्याला तिथं उत्तर देता येतं, पण दुसऱ्याच्या प्रश्नाखाली 'तुमची आवृत्ती कोणती?' एवढी साधी कमेंट टाकायला बरीच वर्षं ५० गुण लागत. म्हणजे माहीत असल्यासारखं बोलायला परवानगी होती, माहीत करून घ्यायला पात्रता लागे. इथं नवख्यांना परकं वाटतं, अशी कबुली कंपनीनं स्वतः २०१८ साली दिली. तुम्ही अशी काही कबुली देण्याची घाई करू नका.

समजा एखादी नवखी प्रश्न घेऊन आलीच: '५० रुपयांवर ५ टक्के कर काढला तर २ येतात, ३ यायला हवेत, काय चुकतंय?' आधी विचारा, 'मुळात तुला करायचं काय आहे?' तिनं सांगितलं की फ्लोटवर, म्हणजे संगणक अपूर्णांक ज्या पद्धतीनं साठवतो तिच्यावर, व्याख्यान द्या: ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, पैशाला फ्लोट लावणाऱ्याला तर... वगैरे. २.५ ही संख्या बायनरीत तंतोतंत बसते आणि इथं त्या व्याख्यानाचा काडीचा संबंध नाही, हे बोलू नका. मग पायथन २ च्या काळातला एक जुना प्रश्न शोधा, ज्याच्या उत्तरात राउंड ३ देतो असं लिहिलंय, आणि 'हे आधीच विचारून झालंय' म्हणून हिचा प्रश्न बंद करा. खरं उत्तर एका ओळीचं आहे: डेसिमल वापर आणि त्याला राउंड हाफ अप (अर्धा आला की वर) सांग. ते लिहायचं नाही.

ती गेली की स्वतःचा कोड उघडून हळूच बघा. तिथं नुसता राउंड आहे. टेस्ट उघडा. रक्कम १५०. चालवून बघा, हिरवी आहे. लॅपटॉप मिटा.